फॉरमॅट मारायच्या आधी एरर तरी वाचा

आमच्याकडं कॉम्प्युटरला काहीही झालं तरी उपाय ठरलेला आहे, फॉरमॅट मार, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं टाक. सॉफ्टवेअर इन्स्टॉल होत नाही, फॉरमॅट. लॉगिन होत नाही, फॉरमॅट. अपडेट अडकलंय, मग तर फॉरमॅटच. कुठलाही ताप आला की सलाईन लावणारे डॉक्टर असतात ना तसला प्रकार, पेशंटला बरं वाटतं, डॉक्टरचं बिल होतं, ताप कशाचा होता ते दोघांनाही कळत नाही. मी कराडच्या आसपास टॅक्सवाल्यांची ऑफिसं, डीटीपीची दुकानं, शाळांची कार्यालयं अशा ठिकाणी मशीन बघायला जातो, आणि माझ्यापर्यंत येणाऱ्या बऱ्याच मशीन आधीच कुणीतरी फॉरमॅट मारलेल्या असतात. म्हणजे प्रिंटरचा ड्रायव्हर गेला, ब्राऊझरमधले पासवर्ड गेले, डेस्कटॉपवर ठेवलेलं सगळं गेलं (डेस्कटॉप पण सी ड्राइव्हमध्येच असतो हे लोकांना नेमकं तेव्हाच कळतं), अख्खा दिवस गेला आणि एरर मात्र जागच्या जागी.

यातला सगळ्यात भारी नमुना एका शाळेच्या ऑफिसातला. क्लार्क मॅडमना नवीन लॅपटॉप मिळालेला, फीचा हिशोब ठेवायचं एक जुनं सॉफ्टवेअर त्याच्यावर टाकायचं होतं. सेटअपवर डबल क्लिक केलं, परवानगी विचारणारी खिडकी आली, येस केलं, फायली सुटायची हिरवी पट्टी थोडी पळाली आणि लाल फुलीवाला मेसेज आला, फाइलनेम, डिरेक्टरी नेम किंवा व्हॉल्यूम लेबलचा सिंटॅक्स चुकीचा आहे, एरर १२३. दुकानदारानं सेटअप परत डाउनलोड केला, पेनड्राइव्ह बदलला, अँटीव्हायरस बंद केला आणि शेवटी अर्थातच फॉरमॅट मारला. फॉरमॅट झाल्यावर विंडोजनं नाव विचारलं तेव्हा आधी होतं तसंच असू दे म्हणून त्यानं मॅडमचं नाव परत छान मराठीत टाइप केलं. झालं, १२३ परत हजर. मॅडम मला फोनवर, "सर, लॅपटॉपच डिफेक्टिव्ह दिलाय हो यांनी, बदलून घेऊ का?"

लॅपटॉपला काही झालं नव्हतं, घोळ त्या नावात होता. आपण विंडोजला जे नाव देतो त्या नावाचं एक फोल्डर सी ड्राइव्हच्या यूजर्समध्ये तयार होतं, आणि बहुतेक सेटअप चालवले की ते आधी स्वतःच्या फायली त्याच फोल्डरच्या पोटात ॲपडेटा, लोकल, टेम्प अशा जागी सोडतात आणि मग तिथून पुढं इन्स्टॉल सुरू होतं. विंडोज स्वतः आतून युनिकोडवर, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या एकाच मोठ्या तक्त्यावर चालतं, त्याला देवनागरी फोल्डरचं काही वावडं नाही. पण जुनी सॉफ्टवेअरं युनिकोडवर नसतात, ती कोडपेज नावाच्या जुन्या तक्त्यावर चालतात, आणि आपल्याकडच्या इंग्रजी विंडोजवर हा तक्ता असतो १२५२ नंबरचा, जेमतेम २५६ घरं, त्यात इंग्रजी आणि पश्चिम युरोपातली अक्षरं. रशियनसाठी १२५१ आहे, चिनीसाठी ९३६ आहे. देवनागरीला विंडोजमध्ये असा तक्ता कधी मिळालाच नाही, मराठी आणि हिंदी विंडोज २००० मध्ये आल्या त्या थेट युनिकोडमधूनच. त्यामुळं जुन्या सेटअपनं फोल्डरचं नाव विचारलं की त्याला मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं मिळतात, आणि विंडोजमध्ये फायलीच्या किंवा फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही. मग तो म्हणणार काय, सिंटॅक्स चुकलाय. एरर शब्दन् शब्द खरी होती.

यावर लोक काय करतात तर कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन अकाउंटचं नाव इंग्रजीत बदलतात, आणि तरी चालत नाही म्हणून वैतागतात. तिथलं नाव बदललं तरी आतलं फोल्डर जुन्याच नावानं राहतं. तात्पुरतं काम भागवायचं असेल तर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये (विंडोजच्या आतल्या सेटिंगांची एक यादी) टेम्प आणि टीएमपी या दोन्हींना सी ड्राइव्हवर साध्या इंग्रजी नावाचं एक फोल्डर करून द्यायचं, सेटअप तिथं फायली सोडतो आणि पुढं सरकतो. पण सॉफ्टवेअर नंतर स्वतःची सेटिंगं ॲपडेटातच ठेवायला गेलं की परत रडतं, म्हणून खरा इलाज नवीन अकाउंट. इंग्रजी अक्षरात, मध्ये स्पेस न देता, एकदा लॉगिन करून फोल्डर तयार होऊ द्यायचं, आणि मग दिसणारं नाव खुशाल मराठीत करायचं, ते आता फक्त पाटीवरचं नाव असतं. मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं सेटअप केलं तर फोल्डरला ईमेलची पहिली पाच अक्षरं लागतात म्हणून तिथं हा घोळ सहसा होत नाही. विंडोज १० मध्ये २०१८ पासून रिजनच्या सेटिंगमध्ये यूटीएफ-८ चा, म्हणजे युनिकोडच्याच एका प्रकाराचा, एक टिकमार्क पण आहे, पुढं बीटा लिहिलेला, तो मारला की काही सॉफ्टवेअरं सुधारतात आणि दुसरी काही बिघडतात, मी ऑफिसच्या मशीनवर त्याच्या वाटेला जात नाही.

आता लॉगिनचं. लॉगिनच्या तक्रारीत निम्म्या वेळा पासवर्ड बरोबर असतो आणि हे कुणाला पटत नाही. एका टॅक्स कन्सल्टंटकडचा जुना डेस्कटॉप, महिन्याची वीस तारीख जवळ आलेली, म्हणजे जीएसटीच्या थ्री-बी रिटर्नची गडबड, आणि रिटर्न भरायचं सॉफ्टवेअर लॉगिनला अडलेलं. स्क्रीनवर एवढंच, लॉगिन फेल्ड, कृपया इंटरनेट तपासा. इंटरनेट चालू, मोबाईलवर तोच पासवर्ड चालतोय. ऑफिसातल्या पोरानं तोच पासवर्ड इतक्यांदा मारला की अकाउंट लॉक झालं, आता एकाच्या जागी दोन प्रॉब्लेम. यांनी पण आदल्याच आठवड्यात फॉरमॅट मारून घेतलेला, आणि गंमत म्हणजे फॉरमॅटनंतर दोन दिवस सगळं व्यवस्थित चाललं होतं, म्हणून सगळ्यांची खात्री की व्हायरस परत आला.

मी गेलो तर ब्राऊझर मराठीत सांगावं इतकं स्पष्ट सांगत होता की तुमचं घड्याळ मागं आहे. खाली उजव्या कोपऱ्यात वेळ होती पण तारीख कित्येक वर्षं जुनी, आणि आख्ख्या ऑफिसात तिकडं कुणी बघितलं नव्हतं. ऑफिस बंद करताना भिंतीवरचं मेन बटण बंद करायची सवय, चांगली सवय आहे, पण मग रात्रभर मदरबोर्डवरचं घड्याळ चालवायचं काम एकट्या बॅटरीवर, ती नाण्याएवढी सीआर २०३२, तीन व्होल्टची. ती मेली की सकाळी मशीन चालू करताना तारीख बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणारं मदरबोर्डमधलं सॉफ्टवेअर) जी काही मुळात भरलेली असेल तिथं जाऊन बसते. आणि सर्व्हरच्या प्रत्येक सर्टिफिकेटवर, म्हणजे त्याच्या ओळखपत्रावर, कधीपासून कधीपर्यंत चालेल ते छापलेलं असतं, त्यामुळं २०१२ दाखवणाऱ्या मशीनच्या मते या वर्षी काढलेलं सर्टिफिकेट अजून जन्मलेलंच नाही, ते कनेक्शन तोडून टाकतं. पासवर्ड सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यानं एवढं सगळं वेगवेगळं न सांगता सगळ्याला मिळून एकच वाक्य ठेवलेलं असतं, इंटरनेट तपासा. माझा खरा राग या वाक्यावर आहे.

मग फॉरमॅटनंतर दोन दिवस कसं चाललं? फॉरमॅट मारणाऱ्यानं मशीन दुकानात नेलेली, तिथं तारीख हातानं नीट केली आणि परत आणून लावल्यावर दोन दिवस कामाच्या गडबडीत मशीन रात्री पण चालूच ठेवलेली. तिसऱ्या रात्री बटण बंद. आणि कुणी म्हणेल की विंडोज इंटरनेटवरून वेळ आपोआप घेतं की, तर घेतं, पण घरच्या किंवा छोट्या ऑफिसच्या मशीनवर फरक पंधरा तासांपेक्षा जास्त असेल तर ते आपणहून दुरुस्त करत नाही, आणि इथं फरक वर्षांचा होता.

इलाज एवढाच, ती बॅटरी म्हणजे सेल बदलायचा. नवा चाळीस-पन्नास रुपयांना मिळतो, पण जुना काढताना एक काळजी घ्या. सेल निघाला की बायोसची सेटिंगं मूळपदावर जाऊ शकतात, डिस्कचा मोड बदलला तर विंडोज सुरूच होत नाही, आणि टीपीएम (मशीनमधला किल्ल्या सांभाळणारा भाग) बंद पडलं तर बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) असलेली मशीन ४८ आकडी रिकव्हरी की मागत बसते. आधी बायोसच्या स्क्रीनचे मोबाईलवर फोटो काढा, रिकव्हरी की कुठं आहे ते बघून ठेवा, मग स्क्रू ड्रायव्हरला हात लावा.

घड्याळाचाच एक लपलेला भाऊ आहे तो म्हणजे टाइम झोन. नवीन विंडोज टाकली की बऱ्याचदा झोन अमेरिकेचा पॅसिफिक असतो, आणि इन्स्टॉल करणारा माणूस झोन न बदलता काटे फिरवतो. दिसायला वेळ बरोबर, पण आतून मशीन साडेतेरा तास पुढं (तिकडं उन्हाळा असला तर साडेबारा). सर्टिफिकेट इतक्या फरकात बहुतेक वेळा चालून जातात म्हणून वेबसाइट उघडतात, पण सहा आकडी ऑथेंटिकेटर कोड मशीनवरच तयार होत असेल तर तो वेळेवरूनच काढलेला असतो, दर तीस सेकंदाला नवा, तो कधीच जुळत नाही. आणि हा फरक पंधरा तासांच्या आत असल्यामुळं विंडोज एक दिवस तो सरळ करतं, मग स्क्रीनवर भर दुपारी मध्यरात्रीचे वाजतात, आणि मालक म्हणतो घड्याळ आपोआप बिघडतंय, परत काटे फिरवतो. झोन कोलकाता करा, काटे सोडून द्या.

डीटीपीवाल्या एका दुकानातली केस वेगळी होती आणि मला ती जरा जास्तच आवडली. वर्षानुवर्षं क्रॅक वापरलेला, मग पोरगा कॉलेजातून आला आणि म्हणाला पप्पा आता ओरिजिनल घेऊया, पैसे भरले, लायसन्स आलं, सॉफ्टवेअर नवीन टाकलं आणि लॉगिनला नुसतं गोल फिरतंय. वडील म्हणतायत फुकटचं चालत होतं ते बंद करून विकतचं दुखणं आणलंस. आता क्रॅक टाकताना जी माहिती सोबत येते तिच्यात एक पायरी ठरलेली असते, होस्ट्स नावाच्या फायलीत कंपनीच्या लायसन्स सर्व्हरचं नाव लिहायचं आणि त्याच्या आधी १२७.०.०.१, म्हणजे तो सर्व्हर शोधायला गेलास तर स्वतःच्याच मशीनवर शोध. त्या जुन्या ओळी तशाच होत्या. आता ओरिजिनल सॉफ्टवेअर बिचारं कंपनीचं दार वाजवायला गेलं की आपल्याच घरात फिरून येतंय. ही फाइल विंडोज, सिस्टिम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी अशा वाटेनं सापडते, तिला डॉट टीएक्सटी वगैरे काही शेपूट नसतं, नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून मगच ती उघडायची नाहीतर सेव्ह होत नाही, आणि सेव्ह करताना नोटपॅडनं मागं टीएक्सटी चिकटवलं तर विंडोज तिच्याकडं बघत पण नाही. ओळी उडवल्या आणि लॉगिन झालं. खरं सांगायचं तर इथं फॉरमॅटनं काम झालं असतं. पण त्याच मशीनवर लग्नपत्रिकांचे शेकडो जुने फॉन्ट होते, त्यातले निम्मे आता कुठं मिळतात देव जाणे.

हल्लीच्या सॉफ्टवेअरमध्ये लॉगिनची खिडकी सॉफ्टवेअरच्या आत न उघडता ब्राऊझरमध्ये उघडते, हे बऱ्याच लोकांना नवीन आहे. तुम्ही ब्राऊझरमध्ये पासवर्ड टाकता, तिथं हिरवी टिक येते, आता ही खिडकी बंद करा असं पण लिहून येतं, आणि सॉफ्टवेअर मात्र वेटिंग फॉर साइन इन म्हणत जसंच्या तसं. यात होतं असं की ब्राऊझरनं मिळालेली चिठ्ठी परत सॉफ्टवेअरला द्यायची असते, एकतर सॉफ्टवेअर स्वतःच्या मशीनवरच एक पोर्ट उघडून थांबलेलं असतं किंवा ब्राऊझर वरच्या बाजूला विचारतो की हे ॲप उघडू का, आणि आपण सवयीनं कॅन्सल मारतो. कॅन्सल मारला नसेल तर अँटीव्हायरसचा वेब शील्ड किंवा उरलासुरला प्रॉक्सी (इंटरनेटला जाताना लागणारा मधला थांबा) आड येतो. प्रॉक्सी तर फार चिवट, कुठलंतरी फुकट व्हीपीएन टाकून काढलेलं असतं, ते जाताना प्रॉक्सीचं सेटिंग मागं ठेवून जातं. सेटिंग्जमध्ये नेटवर्कखाली प्रॉक्सी आहे, तिथं मॅन्युअलचं बटण चालू दिसलं आणि ऑफिसात कुणालाच ते का आहे सांगता येत नसलं तर बंद करून बघा. पासवर्ड बदलल्यानंतर सॉफ्टवेअर आत घेत नसेल तर कंट्रोल पॅनलमधलं क्रेडेन्शियल मॅनेजर उघडून त्याची जुनी नोंद काढून टाका, बऱ्याचदा ते तुम्ही टाइप केलेला नवा सोडून तिथला जुनाच पासवर्ड पाठवत असतं.

इन्स्टॉलच्या बाकीच्या गोष्टी पटापट सांगतो. व्हीसीरनटाइम१४० डीएलएल (सॉफ्टवेअरला लागणारी मदतनीस फाइल) सापडत नाही असं आलं तर त्या नावाची फाइल फुकट देणाऱ्या साइटवर जाऊ नका, मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल टाका, आणि ६४ बिट विंडोज असली तरी सॉफ्टवेअर ३२ बिटचं असेल तर एक्स८६ वालं लागतं, मी सरळ दोन्ही टाकतो. लोक डीएलएल आणून सिस्टिम३२ मध्ये टाकतात आणि तरी चालत नाही, कारण ६४ बिट विंडोजमध्ये सिस्टिम३२ नावाच्या फोल्डरात ६४ बिटच्या फायली असतात आणि ३२ बिटच्या फायली सिसवाऊ६४ नावाच्या फोल्डरात. हो, उलटंच आहे. कुणी विचारलं तर मी जुन्या सॉफ्टवेअरची मोडतोड होऊ नये म्हणून नाव तसंच ठेवलं एवढंच सांगतो आणि चहा मागवतो.

खूप जुन्या सीडीवरचं सॉफ्टवेअर ६४ बिट विंडोजवर जागेवरच मरतं, धिस ॲप कान्ट रन. त्यात कित्येकदा सॉफ्टवेअर ३२ बिटचं असतं, म्हणजे चाललं असतं, पण त्याचा नुसता सेटअप १६ बिटचा असतो आणि १६ बिट चालवायची सोयच ६४ बिट विंडोजमध्ये नाही. अशा वेळी कितीही फॉरमॅट मारा. एखाद्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या नकली कॉम्प्युटरमध्ये, ३२ बिटची जुनी विंडोज टाकून तिथं चालवा, आणि डोंगलवालं (लायसन्ससाठी मशीनला खडा लावावा लागणारं) असेल तर त्या डोंगलचा ६४ बिटचा ड्रायव्हर निघालाय का ते पैसे खर्च करायच्या आधी बघा.

एमएसआय फाइल (विंडोजच्या सेटअपचा एक प्रकार) एरर १६०३ देऊन थांबली तर तो नंबर गूगलवर टाकून काही हाती लागत नाही, कारण १६०३ चा अर्थ इन्स्टॉल करताना काहीतरी गंभीर चुकलं एवढाच आहे. काय चुकलं ते लॉगमध्ये असतं. कमांड प्रॉम्प्टमधून एमएसआयएक्झेक चालवताना लॉगचा स्विच देता येतो, एल, स्टार, व्ही, आणि पुढं लॉग फायलीचं नाव. मग ती हजारो ओळींची फाइल बघून घाबरायचं नाही, नोटपॅडमध्ये रिटर्न व्हॅल्यू ३ हे इंग्रजीत शोधायचं, पहिल्यांदा जिथं सापडेल त्याच्या वरच्या दहापंधरा ओळी वाचायच्या. तिथं सरळ लिहिलेलं असतं, अमुक फोल्डरला लिहायची परवानगी नाही, अमुक सर्व्हिस सुरू झाली नाही. १६१८ आला तर फक्त दुसरं काहीतरी इन्स्टॉल चालू आहे, थांबा.

अपडेटच्या बाबतीत आधी एक विचारायचं, रिस्टार्ट केलंय का. उत्तर येतं, "रोज बंद करतो की ओ दादा." तीच तर गोष्ट आहे. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार आहे, शटडाउन केलं की विंडोज आपल्या पोटातला भाग डिस्कवर झोपवून ठेवतं आणि सकाळी तोच उठवतं, म्हणून मशीन लवकर चालू होते. म्हणजे रोज बंद होणारी मशीन आतून महिनाभर सलग चालू असू शकते. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्समध्ये सीपीयूखाली अपटाइम लिहिलेला असतो, तो उघडून दाखवला की लोकांचा विश्वास बसतो. रिस्टार्ट केलं की मात्र सगळं खरंच नव्यानं सुरू होतं. अडलेले किती अपडेट आणि अनइन्स्टॉल निव्वळ रिस्टार्टवर सुटतात त्याला सुमार नाही, आणि त्या कामाचे पैसे मागायला मलाच लाज वाटते.

दुसरा नेहमीचा प्रकार, अपडेट झालं म्हणून मेसेज येतो आणि अबाउटमध्ये व्हर्जन जुनंच. बऱ्याच सॉफ्टवेअरचे दोन सेटअप असतात, एक सगळ्या मशीनसाठी प्रोग्राम फाइल्समध्ये जाणारा आणि एक फक्त त्या यूजरसाठी ॲपडेटामध्ये जाणारा, व्हीएस कोडचे तसे आहेत. कधीतरी एक टाकला जातो, कधीतरी दुसरा. अपडेट ॲपडेटावाल्याला होतं आणि डेस्कटॉपचा शॉर्टकट प्रोग्राम फाइल्सवाल्याला उघडतो. शॉर्टकटवर राइट क्लिक करून ओपन फाइल लोकेशन बघा, एक प्रत काढून टाका.

आणि मोबाईलच्या हॉटस्पॉटवर मशीन चालवत असाल तर ते कनेक्शन मीटर्ड, म्हणजे डेटा जपून वापरायचं, म्हणून मार्क झालेलं आहे का बघा, असेल तर विंडोज बरेचसे अपडेट उतरवतच नाही आणि आपल्याला वाटतं अडकलंय.

काही वेळा मात्र चूक खरंच तुमची पण नसते आणि मशीनची पण नसते. ९ जानेवारी २०२४ ला विंडोज १० साठी केबी५०३४४४१ नावाचा अपडेट आला आणि असंख्य मशीनवर तो ०एक्स८००७०६४३ देऊन पडायला लागला. कारण एवढंच की डिस्कवरचा रिकव्हरीचा छोटा कप्पा त्याला पुरत नव्हता, अजून २५० एमबी जागा हवी होती, आणि मेसेज मात्र असा की माणसाला वाटावं विंडोजच खराब झाली. त्याच वर्षी १९ जुलैला क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीच्या एका सदोष अपडेटनं मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाप्रमाणं ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर गेल्या, आपल्याकडं विमानतळावर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन त्यांच्या ड्रायव्हरच्या फोल्डरातली २९१ नंबरची एक फाइल उडवायची आणि रिस्टार्ट. एक फाइल! फक्त प्रत्येक मशीनसमोर जाऊन बसायला लागत होतं, आणि ज्यांच्या मशीनवर बिटलॉकर होतं आणि की हाताशी नव्हती त्यांचे हाल कुत्रं खाईना.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हापासून मला नवीन प्रकारचे फोन येतात, अमुक सॉफ्टवेअर बंद पडलं, विंडोज संपली म्हणून का? नाही, विंडोज १० बंद पडलेली नाही, मायक्रोसॉफ्टचे फुकटचे सिक्युरिटी अपडेट बंद झालेत, आणि घरगुती मशीनला एक वर्षाची वाढीव सोय ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येते. पण पुढची काही वर्षं सॉफ्टवेअरवाले एकेक करून नवीन व्हर्जनमधून विंडोज १० ला वगळत जाणार, विंडोज ७ चं तेच झालं, तिथं क्रोमचं शेवटचं व्हर्जन १०९. तेव्हा इन्स्टॉल अडलं की सॉफ्टवेअरच्या साइटवर किमान कुठली विंडोज लागते ते आधी वाचा. आणि तुमची मशीन विंडोज ११ ला नाही म्हणत असेल तर टीपीएम बायोसमध्ये नुसतं बंद आहे का ते तपासा, बऱ्याच बोर्डवर ते असतं पण चालू केलेलं नसतं. प्रोसेसरच जुना असेल तर मग अधिकृत इलाज नाही.

मला मेसेज करताना लोक "सॉफ्टवेअर चालेना" एवढंच पाठवतात. फोटो पाठवा, पण पूर्ण स्क्रीनचा, कोपऱ्यातल्या घड्याळासकट. एररच्या खिडकीत डिटेल्सचं बटण असेल तर ते दाबून मग फोटो. बऱ्याच विंडोजच्या मेसेजवर नुसतं कंट्रोल सी दाबलं तरी आतला मजकूर कॉपी होतो, तो चिकटवला तर त्याच्याहून चांगलं. आणि काल चालत होतं आणि आज नाही असं असेल तर मधल्या वेळात काय टाकलं, काय काढलं, कुणी एनीडेस्कवरून लांबूनच काय केलं ते लाजायचं सोडून सांगा.

एवढं करून फॉरमॅटच मारायची वेळ आली, म्हणजे डिस्क खरंच मरायला आली आहे किंवा रॅन्समवेअर (फायली अडकवून पैसे मागणारा व्हायरस) आलंय, तर मारा, पण काही गोष्टी आधी उरकून घ्या. मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन बिटलॉकरची की कागदावर उतरवा, कारण नवीन विंडोज ११ मध्ये डिस्क तुम्हाला न सांगता पण लॉक झालेली असू शकते. डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि ॲपडेटामधल्या सॉफ्टवेअरच्या डेटाची कॉपी वेगळ्या डिस्कवर. डिजिटल सहीचं सर्टिफिकेट यूएसबी टोकनच्या आत असतं, फॉरमॅटनं ते जात नाही, जातो तो फक्त ड्रायव्हर, तेव्हा नंतर टोकन दिसत नसलं तर ड्रायव्हर टाका, टोकनच्या सॉफ्टवेअरमध्ये इनिशियलाइज लिहिलेलं बटण दाबून बघू नका, त्यानं सर्टिफिकेट पुसलं जातं आणि मग नवीन काढायला पैसे आणि व्हिडिओ व्हेरिफिकेशन दोन्ही परत. आणि विकत घेतलेलं जे जे सॉफ्टवेअर आहे त्याच्या आत जाऊन साइन आउट किंवा डीॲक्टिव्हेट करा, नाहीतर कंपनीच्या हिशोबात तुमची जुनी मशीन अजून जिवंत असते, नवीन विंडोजवर लॉगिन केलं की मर्यादा संपली म्हणून येतं, आणि मग सोमवार ते शुक्रवार दहा ते सहा चालणाऱ्या हेल्पलाइनचं संगीत ऐकत बसावं लागतं.